मुलांच्या वाट्याचा वेळ

मुलांनी वेळेचे नियोजन शिकावे असे म्हटले जाते, तेव्हा त्या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. कशानंतर काय येते हे कळणे ही पहिली. एखाद्या कामाला किती वेळ लागतो याचा अदमास ही दुसरी. घड्याळ आणि दिनदर्शिका वाचता येणे ही तिसरी. हाताशी असलेला वेळ निरनिराळ्या कामांत वाटून ती वाटणी पाळणे ही चौथी, आणि सगळ्यांत अवघड. या चार गोष्टी एका वयात येत नाहीत. घरोघरी सकाळी ऐकू येणारी बरीचशी आरडाओरड दुसरी गोष्ट पक्की होण्याआधीच चौथीची अपेक्षा धरल्यामुळे होते.

क्रम सर्वांत आधी कळतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला उठणे, दात घासणे, दूध, अंघोळ, बालवाडी ही माळ पाठ असते आणि तिच्यातला एखादा मणी वगळला तर तेच मोठ्यांना अडवते. किती वेळ गेला हे मात्र त्याला त्या वयात सांगता येत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी या प्रश्नावर १९४६ मध्ये स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. १९२८ मध्ये दावोस येथे आइन्स्टाइन यांनी विचारलेल्या प्रश्नांतून आपण या शोधाकडे वळलो, असे त्यांनी नोंदवले आहे. त्यांचा प्रयोग साधा होता. दोन बाहुल्या एकाच क्षणी निघतात, एकाच क्षणी थांबतात, पण एक वेगाने धावल्यामुळे पुढे पोचते. पाच-सहा वर्षांची मुले सांगतात की पुढे गेलेली बाहुली जास्त वेळ धावली. अंतर आणि वेळ त्यांच्या लेखी एकच असतात. पुणे जिल्ह्यातल्या दौंडच्या फलाटावर उभे राहून हा प्रयोग बाहुल्यांशिवाय करता येईल: तेवढ्याच मिनिटांत मालगाडी जेमतेम सिग्नलपर्यंत जाते आणि एक्स्प्रेस दिसेनाशी होते. पुढच्या संशोधकांनी प्रश्न सोपे करून विचारले तेव्हा मुलांना ही समज पियाजेंच्या अंदाजापेक्षा थोडी लवकर येते असे दिसले. समज टप्प्याटप्प्याने येते ही गोष्ट कायम राहिली.

घड्याळ वाचणे साधारण सातव्या-आठव्या वर्षी जमू लागते, आणि इथे मराठी मुलासमोर भाषेचा एक जादा घाट असतो. सव्वासात, साडेसात, पावणेआठ हे शब्द अपूर्णांक शिकण्याआधी कानावर पडतात. पावणेआठ म्हणताना आठ उच्चारायचे आणि सातच्या पुढचे समजायचे. ‘साडेतीन’ आणि ‘साडेचार’ ऐकलेले मूल ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणते. तर्काने ते चुकत नाही, दीड आणि अडीच हे भाषेचे अपवाद त्याला अजून भेटलेले नसतात इतकेच. भिंतीवरचे काट्यांचे घड्याळ पाऊण आणि सव्वा डोळ्यांना दाखवते, मोबाइलवरचे आकडे दाखवत नाहीत. म्हणून पहिली काही वर्षे काट्यांचे घड्याळ घरात असलेले बरे. काट्यांच्या घड्याळात उरलेला वेळ हा एक तुकडा म्हणून दिसतो, आणि मुलाला नेमके ‘किती उरले’ हेच कळायला हवे असते.

‘परवा’ हा शब्द तर मागेही जातो आणि पुढेही. काल आणि उद्या मराठीने वेगळे ठेवले, परवाचे मात्र क्रियापदावर सोपवले. त्यात मोठ्यांच्या बोलण्यातली मापे भर घालतात. ‘आत्ता येतो’, ‘जरा वेळाने’, ‘पाच मिनिटांत’ यांपैकी कशालाही ठरलेली लांबी नाही. आईची ‘पाच मिनिटे’ कधी तीन असतात, कधी चाळीस. मुलाने त्याच शब्दांत उत्तर दिले की त्याला टाळाटाळ म्हणतात. जुन्या ग्रामीण बोलीत झुंजुमुंजू, कासराभर दिवस, न्याहारीची वेळ, दिवेलागण अशी दिवसाची खूण घटनांवर बांधलेली होती. ही मापे ढोबळ होती, पण आकाशाकडे किंवा चुलीकडे पाहून कुणालाही पडताळता येत. लहान मुलाला ‘साडेसहाला घरी ये’ यापेक्षा ‘दिवे लागले की घरी ये’ हे अजूनही अधिक नेमके वाटते.

दौंड तालुक्यात वेळ शिकवण्याचा प्रश्न वेगळ्याच कारणाने गुंतागुंतीचा होतो: इथल्या घरांत एकच घड्याळ चालत नाही. दौंड हे जंक्शन. पुणे–सोलापूर लोहमार्ग इथून जातो, मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला, बारामतीचा आणखी एक फाटा आहे. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे. लोको पायलटची ड्यूटी ना सोमवार पाहते ना रविवार. निघण्याची वेळ गाडीवर ठरते, आणि बाप दिवसा झोपलेला, रात्री डबा घेऊन बाहेर पडणारा, हे दृश्य रेल्वेच्या वसाहतीतल्या मुलांना नवे नसते. कुरकुंभच्या आणि शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या चालतात. राज्य राखीव पोलीस बलाच्या दौंडमधील गटांतले जवान बंदोबस्ताला कधी आणि किती दिवस जातील ते आधी सांगता येत नाही. रोज पुण्याला ये-जा करणाऱ्या पासधारकांचे घर पहाटेच जागे होते. शेतकरी घरात वीज ठरवते. कृषिपंपांना वीज ठरावीक तासांपुरती, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आल्याने पाणी धरायला जाण्याची वेळ पाळीप्रमाणे फिरते, आणि तिच्याबरोबर घरातल्या जेवणाची आणि दिव्याखालच्या अभ्यासाचीही. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने मुलांना अंधारात एकटे पाठवत नाहीत. तिथे शिकवणी किती वाजता सुटावी हे बिबट्याच ठरवतो म्हटले तरी चालेल.

एकच घड्याळ सगळीकडे असावे ही कल्पनासुद्धा तशी नवीच आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि शहरे आपापल्या. मुंबईने तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. घराची एक वेळ, आगगाडीची दुसरी, हा हिशेब तेव्हाच्या मोठ्यांनाही करावा लागे.

अशा घरात भिंतीवर चिकटवलेले ‘६ ते ७ अभ्यास, ७ ते ७:३० खेळ’ छापाचे वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही. ते सहसा मोठ्यांनी लिहिलेले असते, रंगीत पेनने, जूनमध्ये. पहिल्या पाळीबदलात ते मोडते आणि मुलाच्या मनावर एवढाच संस्कार होतो की वेळापत्रक म्हणजे मोडायची गोष्ट. यापेक्षा कामे घटनांना बांधणे अधिक टिकते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी ‘अमुक झाले की तमुक करीन’ या स्वरूपात केलेल्या संकल्पांचा दीर्घ अभ्यास केला. नुसत्या ‘मी नीट अभ्यास करीन’ या निश्चयापेक्षा असे संकल्प अधिक पाळले जातात असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. ‘शाळेतून आल्यावर खाणे झाले की दप्तर उघडायचे’, ‘रात्री जेवणाची ताटे उचलली की उद्याचे दप्तर भरायचे’. बाबा कितीही वाजता येवोत, खाणे आणि ताटे रोज होतात. घड्याळ फिरते, पण क्रम टिकतो, आणि क्रम ही तर मुलाला सर्वांत आधी आलेली गोष्ट.

मुलाच्या हातात मुळात वेळ किती असतो, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार ६ ते १४ वयोगटातील शिकणारी मुले दिवसाला सरासरी ४१३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ सात तास, शिक्षणाशी संबंधित कामांत घालवतात. अमेरिकेतील झोपविषयक वैद्यकीय अकादमीने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास झोप सुचवली आहे. दहा तास झोप धरली तर उरतात सात. त्यातून अंघोळ, जेवणखाण, शाळेत जाणे-येणे, एसटीची वाट पाहणे वजा करायचे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो, पण थांब्यावर उभे राहण्यात गेलेला वेळ पास परत देत नाही. घरी आल्यावर भांडी, धाकट्या भावंडाला सांभाळणे ही कामेही मुलींच्या वाट्याला अधिक येतात. त्यावर शिकवणीचे दोन तास चढवले की आखण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. ज्याच्याकडे रुपयाच नाही त्याला जमाखर्च शिकवावा, तसा हा प्रकार होतो.

धोरणांना या टंचाईची जाणीव आहे. २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास आणि त्यापुढे दिवसाला दोन तास अशी मर्यादा सुचवलेली आहे. मुलांची झोप पुरी होत नाही असे राज्यपालांनी बोलून दाखवल्यानंतर महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळा साडेदहाच्या सुमारास भरतात, त्यांना याचा फारसा फरक पडला नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेची मौज हा त्यांचा जुना अपवाद. फरक पडला तो दोन सत्रांत भरणाऱ्या शहरी शाळांना आणि त्यांच्या बसगाड्यांना.

अदमास शिकवता येतो, आणि शिकवण्याजोगा भाग खरा तोच आहे. त्याला साधने लागत नाहीत. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत किती गणिते होतात, प्लॅटफॉर्म एकवरून पुलाने पलीकडे जायला किती मिनिटे लागतात, दप्तर भरायला किती. आधी अंदाज बोलायचा, मग घड्याळ पाहायचे. तिसरी-चौथीच्या मुलाला एका वहीत दोन रकाने पुरतात: वाटले किती, लागले किती. (कुकर हे माप म्हणून बेभरवशाचे आहे, डाळ आणि भात यांच्या शिट्ट्या सारख्या अंतराने होत नाहीत, हेही मुलाच्या लक्षात येते आणि ते आले तर उत्तमच.) पहिले काही आठवडे दोन रकान्यांत मोठी तफावत पडते. ती चूक म्हणून दाखवू नये, कारण मोठ्यांचेही तेच होते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये लागणारा वेळ कमी धरण्याच्या या प्रवृत्तीला नाव दिले. १९९४ मध्ये कॅनडातील एका अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल असे विचारले; सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात ५५ लागले. त्या विद्यार्थ्यांना आधीच्या कामांचा अनुभव होता. तो आठवून अंदाज बांधायची सवय नव्हती, आणि दोन रकान्यांची वही नेमकी ती सवय लावते.

परीक्षांमध्ये हा अदमास रोकडा होतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. ७२ सेकंद म्हणजे किती, हे अंगात मुरलेले नसेल तर मूल बुद्धिमत्तेच्या एका आकृतीवर पाच मिनिटे घालवते आणि शेवटचे दहा प्रश्न न वाचताच गोल रंगवते. सराव परीक्षा भरपूर घेतल्या जातात, पण ‘अडकलास तर सोड आणि पुढे जा’ हे सोडून देण्याचे कौशल्य वेगळे शिकवावे लागते. हुशार मुलांना ते विशेष जड जाते. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत २०२३ पासून दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळतात. ती तपासण्यासाठी राखायची की अपुरे उत्तर संपवायला, हे आधी ठरवलेले नसेल तर ती नुसत्या धांदलीत जातात.

मोठे काम शेवटाकडून मागे मोजत येणे ही त्यापुढची पायरी. याचा उत्तम नमुना दौंडच्या शेतकरी मुलांच्या डोळ्यांसमोरच असतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो तोडायला सोळा ते अठरा महिने लागतात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू उसाला साधारण वर्ष पुरते. कारखान्याचा गाळप हंगाम कधी सुरू होतो, तोड कधी मिळेल, त्याआधी बेणे, मोठी बांधणी, खताच्या मात्रा कोणत्या महिन्यात, हा सगळा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे येतो. पाचवीतल्या मुलाला विज्ञानाच्या प्रकल्पासाठी हीच रीत सांगता येते: द्यायचा शुक्रवारी, चिकटवायचा गुरुवारी, चित्रे बुधवारपर्यंत, तर पाने आज गोळा करायला हवीत. पालक मात्र उसाचे नियोजन मुलासमोर मोठ्याने बोलत नाहीत. ते त्यांच्या डोक्यात चालते आणि मुलाला फक्त निकाल दिसतो, ट्रॅक्टर दारात उभा राहिलेला. विचार मोठ्याने बोलणे हे यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे.

अभ्यास एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांत विखरून केला तर अधिक लक्षात राहतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते आणि नंतर ते पुन्हा पुन्हा तपासले गेले आहे. बैठक किती लांब असावी याबद्दल मात्र एकमत नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजरावरून पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत रूढ केली. कंटाळवाणे काम सुरू करायला तिचा उपयोग होतो. पंचवीस या आकड्यात पवित्र असे काही नाही. दुसरीतल्या मुलाला दहा पुरतात. उलट मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत लहान मुलाला जवळजवळ तीन तास अखंड, स्वतः निवडलेल्या कामात राहू देतात. चित्र काढण्यात बुडालेल्या मुलाला गजर लावून उठवणे म्हणजे वेळ शिकवणे असे ती पद्धत मानत नाही, आणि त्यात तथ्य आहे.

थांबण्याची क्षमता हा या विषयाचा सर्वांत गाजलेला भाग. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे मिठाई ठेवली: आत्ता एक, थांबलास तर दोन. थांबलेली मुले पुढे अधिक यशस्वी झाली, हा निष्कर्ष पालकांच्या व्याख्यानांतून फार फिरला. २०१८ मध्ये मोठ्या गटावर हा अभ्यास पुन्हा केला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. त्याहून बोलका प्रयोग सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. त्यात मिठाईच्या आधी मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणून देण्याचे कबूल केले. काहींना ते मिळाले, काहींना ‘संपले’ असे सांगितले. शब्द पाळला गेलेली मुले मिठाईसाठी सरासरी बारा मिनिटे थांबली. फसवली गेलेली तीन. दुसऱ्या गटात संयम कमी होता असे म्हणता येत नाही, त्यांनी समोरच्या माणसाचा अंदाज बरोबर बांधला होता. ‘रविवारी सिद्धटेकला जाऊ’ असे सांगून तीन रविवार घालवलेल्या घरात मुलाने पुढच्या महिन्याचे काही आखावे ही अपेक्षा म्हणून जरा जास्तच आहे. ड्यूटीवरच्या बापाला शब्द पाळणे जमत नसेल तर तो कमी वेळा द्यावा, किंवा ‘कॉल आला नाही तर’ ही अट आधीच सांगावी. अट मुलांना समजते.

मोबाइलबाबत एवढेच की एकामागून एक येणाऱ्या छोट्या चित्रफितींना शेवट नसतो, म्हणून ‘वीस मिनिटे’ ही मर्यादा मुलाला जाणवत नाही. ज्याला शेवट आहे ते, एक भाग किंवा एक डाव, ठरवून दिले की भांडण निम्मे होते.

किशोरवयात शरीराचेच घड्याळ पुढे सरकते. झोप उशिरा येते आणि जागही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली ती याच कारणाने. दौंड, केडगाव, यवत येथून सकाळच्या कॉलेजसाठी पुण्याची गाडी गाठणाऱ्या अकरावीच्या मुलांना हे सुख नाही. त्यांच्या बाबतीत झोपेची भरपाई केव्हा करायची हेच पहिले नियोजन ठरते, आणि गाडीतला तासाभराचा वेळ अभ्यासाचा की झोपेचा हे त्यांना ठरवू द्यावे. या वयात पालकांनी आठवण करून देणे कमी करत नेले नाही, तर आठवण ठेवणे हे काम कायम पालकांचेच राहते. एकदा गाडी चुकू देणे महाग पडते. पण पाचवीत एकदा वही घरी राहू देणे स्वस्त होते, आणि ती संधी बहुतेक घरांत वही शाळेत नेऊन पोचवण्यात गेलेली असते.

काही मुलांना मात्र एवढ्याने भागत नाही. लक्ष टिकवण्याची अडचण असलेल्या मुलांना वेळेचा अदमास इतरांपेक्षा बराच कमी येतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. त्यांना उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल अशी साधने, छोटे टप्पे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांचे साह्य लागते. आळशी हा शब्द त्यांच्या कामाचा नाही.

आणि काही मुलांचा वेळ त्यांचा नसतोच. गाळप हंगामात बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोडणी टोळ्यांची मुले दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळा लागताना परततात. फड पहाटे सुरू होतो; मोठी बहीण कोपीत धाकट्याला सांभाळते आणि दिवस गाडी भरण्यावर संपतो. शाळेचे वर्ष आणि उसाचे वर्ष एकमेकांवर आडवे येतात, तिथे नियोजनाचे धडे निरुपयोगी आहेत. यावर दोन उपाय झाले. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या, आणि मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे काढली. यातल्या पहिल्या उपायामागची कल्पना जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केले, तेव्हा आदिवासी मुले दिवसा गुरे राखायला जात आणि शाळेच्या वेळी रिकामी नसत. त्यांनी मुलांची वेळ बदलायचा प्रयत्न केला नाही. शाळाच कुरणावर नेली, गुरे चरत असतील तिथे. तिला कुरणशाळा म्हणत, आणि दिवसा जमत नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरत.